घरचा डक्टेबल एसी: काय स्वतः धुवायचं आणि मेकॅनिक कशासाठी बोलवायचा

नागपुरात घरातला सेंट्रल एसी म्हणजे बहुतेक ठिकाणी डक्टेबल मशीन. 5.5 किंवा 8.5 टन, थ्री फेज. आतलं युनिट, म्हणजे इनडोअर, पॅसेजच्या नाहीतर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर दडवलेलं, तिथून पत्र्याचे डक्ट खोल्याखोल्यांत गेलेले आणि बाहेरचं युनिट, म्हणजे आउटडोअर, गच्चीवर उन्हात. स्प्लिट एसीचं बरं असतं, तो भिंतीवर डोळ्यांसमोर असतो. जाळी काळी पडली की घरात कोणीतरी बोलतंच. डक्टेबलचं सगळं छताआड. म्हणून त्याची आठवण येते ती थेट मे महिन्यात, पारा 45 च्या वर गेल्यावर, आणि तेव्हा शहरातला एकही चांगला मेकॅनिक फोन उचलत नाही.

मग घरोघरी दोनपैकी एक प्रकार होतो. एक तर फिल्टर झटकण्यासाठीसुद्धा माणूस बोलवायचा, किंवा मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून थेट प्रेशरचा पाइप घेऊन गच्चीवर चढायचं. दोन्ही महागात पडतं. काय आपण करावं हे मशीनच्या कोणत्या भागाला हात लागणार आहे त्यावर ठरवावं. हवा जिथून जाते आणि पाणी जिथून वाहतं ते घरच्या माणसाच्या आवाक्यातलं: फिल्टर, ग्रिल, ड्रेन, आउटडोअरची बाहेरची बाजू. गॅस, वीज आणि फिरणारे भाग मेकॅनिकचे. इनडोअरची कॉइल (गॅसच्या नळ्यांची थंड होणारी जाळी) या दोघांच्या मधोमध येते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच करून ठेवलेलं दिसतं.

आधी वीज

रिमोटने बंद केलेला एसी बंद नसतो. आउटडोअरच्या टर्मिनलवर फेज उभेच असतात, तेही 415 व्होल्टचे. डीबीतला एमसीबी खाली करायचा, गच्चीवर आउटडोअरजवळचा आयसोलेटरही (वीज तोडणारा स्विच) काढायचा, आणि एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ असं लिहायचं. घरात कोणालातरी गरम होतं आणि तो बटण वर करतो, हे अगदी नेहमीचं. एवढं करूनही आउटडोअरच्या इलेक्ट्रिकल डब्याचं झाकण उघडू नये. कपॅसिटरमध्ये वीज गेल्यावरही चार्ज शिल्लक राहतो. त्या डब्यात आपल्याला साफ करण्यासारखं काही नसतं. फार तर कॉन्टॅक्टरमध्ये (मशीनला वीज जोडणाऱ्या आपोआप स्विचमध्ये) अडकून मेलेली पाल सापडते, आणि ती काढणंही मेकॅनिकचंच काम.

फिल्टर: दोन सेट ठेवा

डक्टेबलचा फिल्टर रिटर्न ग्रिलच्या मागे किंवा मशीनच्या तोंडाशी असतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये नायलॉनची किंवा सिंथेटिक जाळी, धुण्याजोगी. मार्च ते जून दर 15 दिवसांनी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. बेसा, बेलतरोडी, वर्धा रोडच्या आसपास जिथे सतत बांधकाम चालू आहे, किंवा कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला जिथे राखेची बारीक करडी धूळ बसते, तिथे 15 दिवसही जास्तच होतात. फिल्टर ट्यूबलाइटसमोर धरायचा. उजेड आरपार दिसत नसेल तर तारीख न बघता धुवायचा.

काढताना त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहून ठेवावं. बाण हवेच्या दिशेने, म्हणजे मशीनकडे असतो. आधी कोरडी धूळ झटकावी किंवा व्हॅक्यूमने ओढावी. आधीच ओला केला तर धुळीचा चिखल होतो आणि जाळीत घट्ट बसतो. मग स्वच्छ बाजूने पाणी सोडायचं, म्हणजे धूळ ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर जाते. कोमट पाणी चालेल, 40 अंशांपेक्षा गरम नको. भांड्याच्या साबणाचे चार थेंब पुरतात. वाळवायचा मात्र सावलीत. आपल्याकडच्या मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची जाळी लवकरच वाकडी होते. वाकडा फिल्टर खाचेत नीट बसत नाही आणि कडेच्या फटीतून न गाळलेली हवा आत शिरते. अर्धवट ओला लावला तर वास येतो.

म्हणून दोन सेट. एक वाळेपर्यंत दुसरा मशीनवर. ‘दोन तास फिल्टरशिवाय चालवू’ हा हिशेब चुकीचा आहे: कॉइल ओली असते, त्या दोन तासांत आलेली धूळ तिच्यावर चिकटून माती होते आणि ती पुढे केमिकलशिवाय निघत नाही.

इथे एक गोष्ट बहुतेक घरांत कोणी तपासत नाही. अनेक बंगल्यांत रिटर्नला वेगळा डक्टच नसतो. मशीन फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीतूनच हवा ओढतं. त्या पोकळीत जिप्समचा भुगा, स्लॅबची धूळ, वायरिंगवाल्यांनी सोडलेला कचरा, कधी उंदरांच्या लेंड्या असं सगळं पडलेलं असतं. फिल्टर फक्त खालच्या ग्रिलला असेल आणि सीलिंगला लाइटच्या कटआउटपाशी, भिंतीच्या कडेला फटी असतील, तर अर्धी हवा फिल्टर चुकवून आत जाते. ग्रिलच्या फिल्टरइतकाच मशीनच्या तोंडाशी फिल्टर असणंही गरजेचं. नसेल तर बसवून घ्यावा. फ्रेमच्या चारी कडांना फोमची पट्टी चिकटवायची, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आणि बाजारात मिळणारा दाट, ‘पीएम 2.5 अडवणारा’ फिल्टर आपल्या मनाने बसवू नये. 5.5 टनाच्या मशीनला मिनिटाला साधारण 2200 घनफूट हवा लागते, टनामागे 400 हा ढोबळ हिशेब. ब्लोअर, म्हणजे इनडोअरचा पंखा, दाट फिल्टरमधून तेवढी ओढू शकला नाही की कॉइल गरजेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर बर्फ धरतो.

ग्रिल

दोन वाक्यांचं काम. स्क्रू काढून ग्रिल उतरवायचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे, मागच्या डँपरच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पात्या होत्या त्याच कोनात ठेवायच्या. त्या पात्या मुद्दाम तशा लावलेल्या असतात. सगळ्या पूर्ण उघडल्या तर मशीनजवळची खोली गारठते आणि टोकाची बेडरूम तापते.

आउटडोअर: पहाटे, नळाच्या पाण्याने

45 अंशांच्या हवेत उष्णता बाहेर टाकायची म्हणजे कंडेन्सरमधला (आउटडोअरच्या कॉइलमधला) गॅस हवेपेक्षा 12-15 अंश जास्त गरम असावा लागतो. म्हणजे 60 च्या आसपास. आर-410ए गॅसचा दाब या तापमानाला 38 बारच्या जवळ जातो. त्यात फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, धूळ बसली असेल तर तापमान आणखी चढतं, हाय प्रेशरचा स्विच मशीन पाडतो, आणि दुपारी दोन वाजता ‘एसी आपोआप बंद होतो’ अशी तक्रार सुरू होते. संध्याकाळी तोच एसी छान चालतो. हे लक्षण दिसलं की गॅसवाल्याला फोन करण्याआधी गच्चीवर जाऊन कॉइल पाहावी.

एप्रिलमध्ये सावरीचा कापूस उडतो. घराजवळ काटेसावर असेल तर आउटडोअरच्या मागच्या बाजूला पांढरी चादर पांघरल्यासारखं दिसतं. त्यावर धूळ बसली की नमदा तयार होतो. कडुनिंबाचा मोहोर, कबुतरांची पिसं, पतंगाचा मांजा, सगळं तिथेच. हे पाण्याने धुतलं तर आत घुसतं, म्हणून आधी कोरडं काढायचं: मऊ ब्रश, फिन्सच्या दिशेने, म्हणजे बहुधा वरून खाली. आडवा ब्रश फिरवला की फिन्स झोपतात. त्या ॲल्युमिनियमच्या, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतक्या जाड असतात. झोपलेल्या फिन्स सरळ करायला प्लास्टिकचा फिन-कंगवा मिळतो. तो नसेल तर बोथट लोण्याच्या सुरीनेही जमतं, फक्त नळीला धक्का लावू नये.

मग पाणी. बागेचा साधा पाइप, तोंडावर अंगठा न दाबता. गाडी धुण्याचा जेट आउटडोअरवर मारू नये. तो फिन्स सपाट करतो आणि एकदा सपाट झालेली बाजू पुन्हा पूर्वीसारखी हवा घेत नाही. खरं तर पाणी आतून बाहेर मारायला हवं, कारण धूळ बाहेरून आत ओढली गेलेली असते. पण त्यासाठी वरचा पंख्याचा पत्रा काढावा लागतो आणि पंख्याच्या वायर त्यालाच जोडलेल्या असतात. त्या वायर ओढल्या जाणार असतील तर तो नाद सोडावा. बाहेरूनच, वरून खाली, थोड्या तिरक्या धारेने दोन-तीनदा धुतलं तरी ऐंशी टक्के काम होतं. उरलेलं वर्षातून एकदा मेकॅनिक पत्रा काढून करेल. काही नव्या मशीनमध्ये गोल नळ्यांऐवजी चपट्या नळ्यांची पूर्ण ॲल्युमिनियमची कॉइल असते. तिला फक्त पाणी. केमिकल नको, टोकदार काहीही नको.

वेळ सकाळी सहा ते आठ. तापलेल्या कॉइलवर पाणी पडलं की ते तिथल्या तिथे वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. बोअरवेलच्या जड पाण्याने तर पांढरे डागच उमटतात, आणि ते डाग म्हणजे उष्णता अडवणारा थर. नळाचं पाणी वापरावं. धुतल्यावर तास-दोन तास निथळू द्यावं, मग आयसोलेटर लावावा.

याच कारणाने एक लोकप्रिय जुगाड सोडून द्यायला हवा: आउटडोअरभोवती ओलं पोतं किंवा वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर थेंब-थेंब पाणी सोडणं. पहिले काही दिवस खरंच गारवा वाढल्यासारखा वाटतो. पण हवा अडते, क्षार साचतात, आणि एका उन्हाळ्यात कॉइल खडूसारखी पांढरी होते. सावली करायचीच तर हिरवी नेट मशीनपासून निदान तीन फूट लांब, चारी बाजू मोकळ्या ठेवून. वरून हवा फेकणाऱ्या मशीनच्या डोक्यावर तर काहीच नको. बाहेर टाकलेली गरम हवा छताला आपटून परत कॉइलमध्ये येते.

ड्रेन: मेमध्ये गप्प, जूनमध्ये गळका

नागपूरच्या उन्हाळ्याचा हा खास प्रकार, आणि मुंबईच्या सल्ल्यावर चालणारे इथेच फसतात. तिकडे एसीतून बारा महिने पाणी गळतं, त्यामुळे ड्रेन तुंबला की लगेच कळतं. इथे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी जेमतेम जमतं. ड्रेन पाइप दोन महिने जवळजवळ कोरडा. आत गेल्या पावसाळ्याची बुळबुळीत जेली वाळून पापड झालेली असते, त्यात धूळ, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. कोणालाच पत्ता नसतो. मग जूनच्या मध्यावर मान्सून येतो, आर्द्रता एकदम चढते, आणि 5.5 टनाचं मशीन पूर्ण भाराने चाललं तर तासाला पाच-सात लिटर पाणी काढू लागतं. तुंबलेला पाइप ते कुठे नेणार? ट्रे भरतो, फॉल्स सीलिंगवर सांडतो, दुसऱ्या दिवशी पीओपीवर चहाच्या डागासारखा पिवळा गोल दिसतो.

याला जोडून ट्रॅपची भानगड आहे. बहुतेक डक्टेबल इनडोअरमध्ये ब्लोअर कॉइलच्या पुढे असतो आणि हवा कॉइलमधून ओढतो. त्यामुळे ड्रेन ट्रेच्या जागी दाब बाहेरपेक्षा कमी असतो. पाइपमध्ये यू आकाराचा ट्रॅप पाण्याने भरलेला असेल तरच पाणी सुरळीत उतरतं. ट्रॅप नसेल किंवा कोरडा पडला असेल तर पाइपमधून हवा उलटी आत ओढली जाते, गुळगुळ आवाज येतो, आणि ती हवा ट्रेमधलं पाणी खाली जाऊच देत नाही. म्हणजे पाइप स्वच्छ असूनही मशीन गळतं. मेकॅनिक ‘ड्रेन जॅम आहे’ म्हणतो, फुंकर मारतो, पैसे घेतो, आठवड्याने पुन्हा तेच.

कोरड्या ट्रॅपचं दुसरं लक्षण उन्हाळ्यातच दिसतं: वास. ड्रेनचा पाइप बाथरूमच्या किंवा गच्चीच्या नाहणीत थेट सोडलेला असेल तर ब्लोअर गटाराची हवा ओढतो आणि ती खोल्याखोल्यांत वाटतो. एसीतून मेलेल्या उंदराचा वास येतो म्हणून डक्ट उघडायला निघालेल्यांनी आधी ट्रेमध्ये दोन मग पाणी ओतून पाहावं. बऱ्याचदा तेवढ्यावर वास थांबतो.

आता साफसफाई. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मान्सूनच्या आधी. सर्व्हिस हॅच (फॉल्स सीलिंगमधलं झाकण) उघडून टॉर्चने ट्रे पाहायचा. पाइपचं खालचं टोक शोधायचं, त्याला ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं आणि दोन-तीन मिनिटं ओढू द्यायचं. डब्यात जे पडतं ते पाहून जेवण जात नाही, पण काम होतं. मग वरून ट्रेच्या तोंडाशी एक कप पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास थांबायचं, त्यावर दोन-तीन लिटर कोमट पाणी हळूहळू. खाली तेवढंच पाणी जोरात आलं पाहिजे. येत नसेल तर अडथळा आत आहे.

खालून एअर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. एक इंची पीव्हीसी पाइपचे सांधे सीलिंगच्या आत कुठेतरी नुसते दाबून बसवलेले असतात. एखादा सुटला तर पुढचा पावसाळाभर पाणी भिंतीत जातं. व्हिनेगरच्या जागी ब्लीच वापरणारे आहेत. धातूच्या ट्रेला ते खातं. आणि व्हिनेगरवर ब्लीच तर कधीच ओतू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद खोलीत जिवावर बेतू शकतो.

शेवटी ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ट्रॅप भरून ठेवायचा. ट्रॅप बसवलेलाच नसेल तर मेकॅनिककडून बसवून घ्यावा, निदान 50 मिलिमीटर उभी पाण्याची सील मिळेल असा, आणि वर उघडून साफ करता येईल असं झाकण ठेवून. पाइपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या भागाला नायट्राइल रबरची बाही हवी, नाहीतर पावसाळ्यात पाइपलाच घाम येतो आणि डाग तसाच पडतो.

जाता जाता: हॉलमध्ये डेझर्ट कूलर आणि बेडरूममध्ये डक्टेबल, असं एकाच वेळी चालवणारी घरं इथे खूप. कूलरने हवेत घातलेलं पाणी एसी पुन्हा काढत बसतो. बिल वाढतं, गारवा वाढत नाही. भर मेमध्ये ड्रेनमधून धार लागली असेल तर आधी कूलर बघा.

इनडोअरची कॉइल: कुठे थांबायचं

हॅच निदान दोन फूट बाय दोन फूट असेल, कॉइलचा तोंडाकडचा भाग हाताला येत असेल आणि घाण फक्त वरवरची, कोरडी, लोकरीसारखी असेल, तर ती मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने आपण काढू शकतो. त्यावर न धुता चालणारा, न्यूट्रल प्रकारचा फोम क्लीनर मारता येतो. तोही ड्रेन मोकळा आहे याची खात्री झाल्यावरच, कारण तो फोम वितळून ट्रेमध्येच उतरणार.

घाण आतपर्यंत गेलेली असेल तर थांबायचं. ती कॉइल जेट पंपाने, खाली ताडपत्रीची झोळी बांधून धुवावी लागते, आणि ते छताशी अंग वाकवून करायचं काम सरावाच्या माणसाचं. त्यालाही एक अट आधीच घालायची: ॲसिड नाही. ॲसिड किंवा कॉस्टिकवाला क्लीनर मारला की फसफसून फेस येतो, कॉइल चांदीसारखी चमकते आणि घरचे खूश होतात. तो फेस ॲल्युमिनियम विरघळताना निघणाऱ्या हायड्रोजनचा असतो. असं तीन-चार उन्हाळे केलं की फिन्स बोटाने चुरगळतात. बाटलीवरचं लेबल मागून पाहायला लाजू नये.

ब्लोअरला हात लावायचा नाही. त्याच्या वाकड्या पात्यांच्या पोटात धूळ भरते आणि हवा कमी होते हे खरं, पण तो बाहेर काढून, धुऊन, परत तोल साधून बसवणं घरच्या पान्या-पक्कडीचं काम नाही. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्ट्याचा ताण, पुलीची सरळ रेघ हेही पाहावं लागतं. एकीकडे झुकलेला पट्टा महिन्याभरात तुटतो.

कॉइलवर किंवा तिला जोडलेल्या जाड पाइपवर बर्फ दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने टोचू नये. एसी नुसता फॅन मोडवर दोन-तीन तास चालवावा, बर्फ वितळला की फिल्टर बघावा. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला तर एक तर कॉइल-ब्लोअर घाण आहेत किंवा गॅस कमी आहे. तिथून पुढे मेकॅनिक.

डक्ट साफ करून देतो म्हणणारे

डक्ट दरवर्षी साफ करावे लागत नाहीत. घरात तोडफोड झाली असेल, उंदीर शिरले असतील, ग्रिलमधून काळे कण पडत असतील किंवा आत बुरशी दिसत असेल तर करावे. एरवी फिल्टर आणि कॉइल स्वच्छ असतील तर डक्ट फारसा घाण होतच नाही. करायचंच ठरलं तर फिरता ब्रश आणि दुसऱ्या टोकाला मोठा व्हॅक्यूम, हे दोन्ही एकाच वेळी हवेत. नुसता ब्रश फिरवला तर धूळ खोल्यांत येते. मशीनजवळच्या पहिल्या काही फुटांत आवाज दाबायला आतून अस्तर लावलेलं असेल तर तिथे कडक ब्रश फिरवू देऊ नये. आणि ग्रिलमधून सुगंधी ‘सॅनिटायझर’ फवारून ‘डक्ट क्लीनिंग’चं बिल देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

मेकॅनिक आला की काय मागायचं

बोलवायचा फेब्रुवारीत, होळीच्या आधी. तेव्हा त्याला वेळ असतो आणि काम नीट होतं. वर्षातून एकदा पुरे. फक्त ‘सर्व्हिसिंग करा’ म्हटलं तर फिल्टर धुऊन, आउटडोअरवर पाणी मारून जातो, म्हणजे जे आपण करतोच तेवढंच. त्याच्याकडून करून घ्यायचं ते हे: इनडोअर कॉइलची ओली धुलाई, ब्लोअर साफ करणं, आउटडोअर आतून धुणं, कॉन्टॅक्टर आणि टर्मिनलचे स्क्रू आवळणं, कपॅसिटर मोजणं, तिन्ही फेजचे ॲम्पियर क्लॅम्प मीटरने मोजून मशीनच्या पाटीशी ताडून पाहणं. आकडे वहीत लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षी तेच आकडे पाहिले की मशीन कुठे घसरतंय ते कळतं. वार्षिक करार करणार असाल तर त्यात कॉम्प्रेसर, पीसीबी आणि गॅस धरलेत का ते वाचा; नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात नुसती मजुरी असते.

एक मोजणी घरी करता येते. डिजिटल थर्मामीटर रिटर्न ग्रिलपाशी आणि मशीनला सर्वांत जवळच्या सप्लाय ग्रिलपाशी धरायचा, एसी 20 मिनिटं चालल्यावर. फरक 8 ते 12 अंश असेल तर ठीक. 13 च्या वर गेला तर हवा कमी पडतेय: फिल्टर, ब्लोअर, बंद डँपर. 7 च्या खाली आला तर आउटडोअरची घाण, डक्टची गळती किंवा गॅस.

गॅसबद्दल: ‘दरवर्षी गॅस थोडा कमी होतो, भरून घ्या’ हे साफ खोटं. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधल्याशिवाय वरून भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. नीट काम असं असतं: नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहणं, साबणाच्या फेसाने सांधे तपासणं, ब्रेझिंग (गळका सांधा तापवून जोडणं), व्हॅक्यूम पंपाने आतली हवा 500 मायक्रॉनच्या (निर्वाताचं माप) खाली ओढणं, आणि मग काट्यावर वजन करून पाटीवर लिहिलेला गॅस भरणं. आर-410ए दोन वायूंचं मिश्रण आहे, म्हणून तो द्रवरूपातच भरावा लागतो. आर-32 ला आग लागू शकते, त्यामुळे त्याच्याजवळ ब्रेझिंग करणारा माणूस शिकलेला हवा. जुन्या आर-22 च्या मशीनमध्ये यांपैकी काहीही भरता येत नाही. आणि मशीन नीट थंड करत असताना ‘जरा प्रेशर बघतो’ म्हणून गेज लावायची गरज नसते. दर वेळी नळी जोडता-काढताना थोडा गॅस जातोच.

मार्चमध्ये पहिल्यांदा सुरू करताना एमसीबी आदल्या दिवशीच वर करून ठेवावा. कॉम्प्रेसरला क्रँककेस हीटर (तेल गरम ठेवणारा) असेल तर तेलात मुरलेला गॅस तेवढ्या वेळात उडून जातो आणि कॉम्प्रेसर गॅस मिसळून पातळ झालेल्या तेलावर सुरू होत नाही. मीटर बदललं, खांबावर काम झालं किंवा घरात नवं वायरिंग झालं आणि त्यानंतर एसी चालू केल्यावर आउटडोअर कर्कश खडखडला, गारवा मात्र नाही, तर लगेच बंद करावा: फेज उलटे जोडले गेलेत आणि स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतोय. फेज रिले (फेजचा क्रम तपासणारा) बसवलेला असेल तर मशीन सुरूच होणार नाही, आणि ते चांगलं. दोन वायर अदलाबदल करणं इलेक्ट्रिशियनचं पाच मिनिटांचं काम आहे.

दिवाळीनंतर बंद करताना एक दिवस नुसता फॅन दोन तास चालवून कॉइल कोरडी करावी, फिल्टर धुऊन लावावा, आउटडोअरची फक्त वरची बाजू झाकावी. प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळलं तर आत ओल धरते, आणि उंदरांना हिवाळाभर ऊबदार घर मिळतं. वायर कुरतडल्याचं मग मार्चमध्ये कळतं.